जोबर्गची दोन दिवसांची इतिहास-सहल : घ्या, पण मामांबरोबर

मुलगी जोहान्सबर्गला असते. २०२४ च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे सहा आठवडे राहिले. पहिल्या आठवड्यात सिंह, जिराफ सगळं बघून झालं. मग मी म्हटलं, आता मला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा, म्हणजे वर्णद्वेषी राजवटीशी लढलेल्या मंडेलांच्या पक्षाचा, इतिहास दाखवणारं कुणीतरी शोधून दे. मे महिन्यातल्या निवडणुकीत तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या पक्षाचं बहुमत गेलं होतं. चाळीस टक्के मतं, ४०० पैकी १५९ जागा. ज्या पक्षासाठी सांगलीत आम्ही कॉलेजात असताना मोर्चे काढले, तो असा का झाला, हे मला त्याच्या गावात जाऊन समजून घ्यायचं होतं.

मी एकतीस वर्षं विमा कार्यालयात नोकरी केली, त्यातली वीस कर्मचारी संघटनेत गेली. आमची संघटना फुटली तेव्हा मी आत होते. जिच्या डब्यातली भाकरी मी रोज खायचे, त्या बाईने पुढची सात वर्षं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तेव्हापासून कुणी चळवळीचा इतिहास सांगताना नुसते हारतुरे आणि हौतात्म्य सांगायला लागलं की माझं मन तिथून उठतं. फूट कुठे पडली, कशावरून पडली, बाहेर पडलेल्यांचं म्हणणं काय होतं, हे सांगितलं तरच ती चळवळ मला कळते. या सहलीला मी त्याच मापाने मोजते आहे.

दोन दिवस, माणशी १,८०० रँड. आपले साधारण साडेआठ हजार रुपये. त्यात गाडी, गाईड, तिकिटं आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण. आम्ही सात जण होतो. माझ्याबरोबर नातू, वय चौदा. गाईड साठीला टेकलेले, सोवेटो या काळ्यांच्या मोठ्या वस्तीतल्या ऑर्लँडो ईस्टचे. ओळख करून देताना म्हणाले, मला सगळे 'मालुमे' म्हणतात, तुम्हीही म्हणा. झुलूत मालुमे म्हणजे आईचा भाऊ. मी नातवाला सांगितलं, म्हणजे आपले मामाच. आणि ते मला 'मामा' म्हणत होते, कारण तिकडे वयाने मोठ्या बाईला आईच्या नात्याने मामा म्हणतात. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांना मामाच म्हणत होतो.

पहिला दिवस सकाळी नऊला फॉक्स स्ट्रीटवर सुरू झाला, चॅन्सेलर हाउससमोर. १९५२ साली मंडेला आणि ऑलिव्हर टँबो यांनी इथे वकिलीचं ऑफिस थाटलं. समोरच मॅजिस्ट्रेट कोर्ट. पास (काळ्या माणसाने सतत जवळ ठेवायचा परवाना) नाही म्हणून पकडलेली, जागेतून हुसकलेली माणसं जिन्यावर रांग लावून बसायची. बहुतेक गाईड इथे मंडेलांचा फोटो दाखवून पुढे सरकत असतील. मामांनी आम्हाला पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "आधी हे ऐका. तरुणपणचा मंडेला तुम्हा हिंदी, म्हणजे भारतीय वंशाच्या, लोकांबरोबर काम करायला तयार नव्हता."

मग त्यांनी १९४४ ची यूथ लीग, म्हणजे काँग्रेसची तरुणांची शाखा, सांगितली. अँटन लेंबेडे, ए. पी. म्डा, सिसुलू, टँबो, मंडेला ही पोरं काँग्रेसच्या म्हाताऱ्या, अर्ज-विनंत्या करणाऱ्या पुढाऱ्यांवर चिडलेली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं : हा लढा आफ्रिकन माणसाने स्वतःच्या ताकदीवर लढायचा. कम्युनिस्ट नकोत, गोरे नकोत, हिंदी नकोत, कारण ते आले की पुढारपण त्यांच्याकडे जातं. लेंबेडे १९४७ मध्येच गेले, पण विचार राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये काँग्रेसचे डॉ. क्सुमा आणि तिथल्या हिंदी लोकांच्या हिंदी काँग्रेसचे डॉ. दादू व डॉ. नायकर या तिघांनी एकत्र लढायचा करार केला, त्याला तिथे 'डॉक्टरांचा करार' म्हणतात. करारावर सह्या झाल्या म्हणून माणसं एक झाली नाहीत. १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये आफ्रिकन आणि हिंदी लोकांत दंगल उसळली, १४२ माणसं मेली.

तिथून मार्केट स्ट्रीटवरच्या खोलवाड हाउसला गेलो. सुरतजवळच्या खोलवड गावाच्या लोकांची ही इमारत. तेरा नंबरचा फ्लॅट आधी इस्माइल मीर यांचा आणि मग अहमद कथराडांचा. रात्री उशीर झाला आणि सोवेटोला जायला गाडी नसली की मंडेला इथे झोपायचे. आत जाता येत नाही, खालूनच खिडक्या बघायच्या. पण मामांनी फुटपाथवर उभं राहून जो प्रसंग सांगितला, त्यासाठी मी परत तिथे जाईन. १९५० साली मे दिनाच्या संपाला यूथ लीगने विरोध केला होता, कारण संप कम्युनिस्ट आणि हिंदी काँग्रेसने पुकारला होता. वीस वर्षांचे कथराडा रस्त्यात मंडेलांना भेटले आणि म्हणाले, कुठल्याही आफ्रिकन व्यासपीठावर माझ्याशी वाद घाला, मी जिंकेन. मंडेलांना याचा इतका राग आला की त्यांनी त्याची तक्रार केली. पुढे चौदा वर्षांनी, १२ जून १९६४ ला, रिव्होनिया खटल्यात दोघांना एकाच दिवशी जन्मठेप झाली आणि रॉबेन बेटाच्या एकाच तुरुंगात दोघांनी अनेक वर्षं काढली. कथराडा सव्वीस वर्षांनी सुटले. नातू म्हणाला, "म्हणजे भांडले म्हणून दोस्त झाले?" मामा म्हणाले, "भांडले आणि तरी आत राहिले, म्हणून."

ल्युथुली हाउस, म्हणजे पक्षाचं मुख्यालय, बाहेरूनच दाखवतात. हिरवा-पिवळा-काळा रंग आणि दारात पोलीस. इमारतीला नाव अल्बर्ट ल्युथुलींचं, १९६० चं शांततेचं नोबेल मिळालेले अध्यक्ष. रस्त्याला नाव पिक्सली का इसाका सेमे यांचं. मामांनी पाटीकडे बोट दाखवलं. सेमे परदेशात शिकून आलेले वकील. वेगवेगळ्या जमातींच्या लोकांना त्यांनी एकत्र बोलावलं आणि ८ जानेवारी १९१२ ला ब्लूमफाँटेनला काँग्रेस स्थापन झाली. जॉन डुबे अध्यक्ष, सॉल प्लात्ये सरचिटणीस. पुढच्याच वर्षी आलेल्या जमीन कायद्याने बहुसंख्य लोकांना देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. त्याविरुद्ध १९१४ साली शिष्टमंडळ लंडनला गेलं आणि हात हलवत परत आलं. पुढे १९२७ मध्ये जोसाया गुमेडे अध्यक्ष झाले. ते सोव्हिएत रशिया बघून आले आणि तिथल्यासारखं बोलायला लागले. १९३० मध्ये जुन्या लोकांनी त्यांना पाडलं आणि सेमेंना बसवलं. "ज्याने पक्ष जन्माला घातला, त्याच्याच हातात तो जवळजवळ मेला," मामा म्हणाले. तिसाच्या दशकात काँग्रेस नावालाच उरली होती. मला हे नवीन होतं. मी समजत होते गटबाजी सत्तेबरोबर आली. ती सत्तेच्या चौसष्ट वर्षं आधीही होती.

पार्क स्टेशनवरून गाडी जाताना मी मामांना थांबवलं. म्हटलं, आता माझं ऐका. याच १९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. या स्टेशनवर त्यांच्यासाठी शोभिवंत कमान उभारली होती. गांधीजींनी त्यांना सांगितलं की इथल्या कोकणी मुसलमानांना आणि थोड्याबहुत मराठी हिंदूंना तुमच्या तोंडून मराठी ऐकायचं आहे. गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर केलं. पुढे झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांत ते मराठीतच बोलत गेले. नोव्हेंबरात डर्बनजवळ ओहलांगेला जाऊन त्यांनी डुबेंची शाळाही पाहिली. हेही सांगितलं की त्या काळी गांधीजींचा लढा हिंदी लोकांपुरताच होता, तो आणि काँग्रेसचा लढा वेगवेगळ्या वाटांनी चालला होता. मामांनी वही काढली आणि 'गोखले' हे नाव माझ्याकडून लिहून घेतलं. वीस वर्षं गाईड असलेला माणूस प्रवाशाकडून वहीत लिहून घेतो, याला मी माझ्या पाचातला एक पूर्ण गुण दिला.

दुपारी कॉन्स्टिट्यूशन हिल. इथे किमान तीन तास हवेत, आम्हाला अडीच मिळाले. जुना किल्ला, 'नंबर फोर' नावाचा काळ्या कैद्यांचा तुरुंग, बायकांचा तुरुंग, आणि मध्ये देशाचं घटना न्यायालय. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून तिच्याच विटा न्यायालयाच्या भिंतीत वापरल्या आहेत आणि तिचे चार जिने तसेच उभे ठेवले आहेत. त्या विटांवर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले. गांधीजी या तुरुंगात होते, मंडेला होते, ल्युथुली होते. बायकांच्या भागात विनी मंडेला, अल्बर्टिना सिसुलू, फातिमा मीर. कैद्यांना मिळणारं अन्नसुद्धा कातडीच्या रंगावर ठरायचं.

पण नंबर फोरच्या अंगणात मामा ज्यांच्याबद्दल सर्वात जास्त बोलले, ते काँग्रेस सोडून गेलेले गृहस्थ होते. रॉबर्ट सोबुक्वे. विट्स विद्यापीठात भाषा शिकवायचे, म्हणून लोक त्यांना 'प्रोफ' म्हणत. २१ मार्च १९६० ला ते सकाळी आपल्या घरून चालत ऑर्लँडोच्या पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, माझ्याजवळ पास नाही, अटक करा. त्याच दिवशी शार्पव्हिलला पोलिसांनी गोळ्या घालून ६९ माणसं मारली. सोबुक्वेंना तीन वर्षांची शिक्षा झाली. ती संपल्यावर सरकारने खास त्यांच्यासाठी कायद्यात कलम घातलं, ते दरवर्षी वाढवलं आणि त्यांना आणखी सहा वर्षं रॉबेन बेटावर एका घरात एकटं ठेवलं. इतर कैद्यांशी बोलायचीही मुभा नव्हती. हे सांगताना मामांचा आवाज खाली गेला. आणि मामा स्वतः काँग्रेसचे, कार्ड खिशात असलेले.

दुसरा दिवस वाईट सुरू झाला आणि त्याची जबाबदारी मी कंपनीवर टाकते. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. मामा नव्हते. न सांगता बदललेली तरुण गाईड होती, वय पंचवीसच्या आसपास. मुलगी हुशार, बोलायला गोड. पण तिच्या हातात कंपनीने छापलेलं आठ पानी पत्रक होतं आणि ती त्याबाहेर जाऊ शकत नव्हती. ते पत्रक १९९४ च्या मतदानाच्या रांगेच्या फोटोवर संपतं. पानभर इंद्रधनुष्य, खाली आभार. त्यात सोबुक्वे नाहीत, इंकाथा हा झुलूंचा पक्ष नाही, काँग्रेसचं पोलोक्वानेचं अधिवेशन नाही. मी साडेआठ हजार देऊन हे वाचायला आले नव्हते. कंपनीला मी लेखी कळवलं आहे, उत्तर आलेलं नाही.

तरीही विलाकाझी स्ट्रीट आणि हेक्टर पीटरसन स्मारक त्या मुलीने मनापासून दाखवलं. १६ जून १९७६ तिला तोंडपाठ होतं : आफ्रिकान्स भाषेची सक्ती, शाळकरी पोरांचा मोर्चा, पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेले बारा वर्षांचा हेक्टर आणि पंधरा वर्षांचा हेस्टिंग्ज न्ड्लोवू. मी तिला विचारलं, ही मुलं काँग्रेसची होती का? ती घुटमळली. पत्रकात तसं सुचवलेलं आहे. खरं म्हणजे ती स्टीव्ह बिको यांच्या काळ्या अस्मितेच्या विचारावर वाढलेली पोरं होती आणि काँग्रेसवर तेव्हा सोळा वर्षांची बंदी होती. सीमा ओलांडून पळाल्यावर पासपोर्ट, छावणी, बंदूक देऊ शकेल अशी संघटना काँग्रेस होती, म्हणून त्यातली बहुतेक तिच्याकडे गेली. मुलीने ते ऐकून घेतलं आणि मग पत्रक मिटून स्वतःचं एक वाक्य बोलली. "मी मे महिन्यात मत दिलं नाही. माझ्या वर्गातल्या कुणीच नाही." या निवडणुकीत ५९ टक्क्यांहून कमी मतदान झालं. तिच्याकडून मी जे शिकले ते या एका वाक्यात होतं. तिला पत्रकाबाहेर बोलू दिलं तर ती चांगली गाईड होईल.

साडेअकराला मामा आले. एका सोबत्याच्या अंत्यविधीला गेले होते. ते कंपनीने आम्हाला सकाळीच सांगितलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "मामा, ऑर्लँडोच्या सभागृहात १९५९ च्या एप्रिलमध्ये काय झालं?" त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

त्यांचे थोरले काका त्या सभागृहात होते. तिथे काँग्रेसमधून फुटून पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस निघाली, सोबुक्वेंचा पक्ष तो हाच. भांडण एका वाक्यावरून होतं. १९५५ च्या जूनमध्ये क्लिपटाउनला तीन हजारांच्या आसपास प्रतिनिधींनी स्वातंत्र्याची सनद मंजूर केली, तिच्यात म्हटलं होतं की दक्षिण आफ्रिका तिथे राहणाऱ्या सर्वांची, काळ्यांची आणि गोऱ्यांची. आफ्रिकनवादी गट म्हणाला, हा देश लुटला गेला आहे, मग लुटलेल्याचा आणि लुटणाऱ्याचा सारखाच कसा? काका बाहेर पडणाऱ्यांबरोबर गेले, वडील काँग्रेसमध्ये राहिले. काँग्रेसने पासविरोधी मोहीम ३१ मार्च १९६० ला ठरवली होती, काकांच्या पक्षाने दहा दिवस आधीची तारीख पकडली. घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि एप्रिलमध्ये सरकारने दोन्ही पक्षांवर एकाच दिवशी बंदी घातली. "आजीने दोघांना एकाच दिवशी लपवलं," मामा म्हणाले, "एकाला कोळशाच्या खोलीत, दुसऱ्याला शेजाऱ्याकडे. तरी बोलले नाहीत." १९९४ मध्ये काकांच्या पक्षाला सव्वा टक्का मतं मिळाली, पाच जागा.

मी त्यांना विचारलं, कोण बरोबर होतं? ते म्हणाले, "वडील. पण काकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, जमीन बघा." इतकं प्रामाणिक उत्तर मला माझ्या संघटनेच्या इतिहासात कुणी दिलेलं नाही. मीही नाही.

जेवण ऑर्लँडोत एका घरगुती खानावळीत. पाप (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), चकालाका (तिखट भाजी), कोंबडी, आणि हवं असेल त्याला कोटा : पावाचा चतकोर पोखरून त्यात बटाट्याच्या फोडी, सॉसेज आणि वर आंब्याचं लोणचं. लोणच्याला तिथे 'अचार'च म्हणतात. आपल्याकडून गेलेल्या मजुरांबरोबर ते डर्बनला उतरलं आणि सोवेटोच्या पावात जाऊन बसलं. शाकाहारी असाल तर आधी सांगा, बीन्स आणि पालेभाजी मिळते, चव चांगली असते. जेवायला मात्र पस्तीस मिनिटंच दिली, ती फार कमी.

क्लिपटाउनच्या चौकाची आज दैना आहे. शंकूच्या आकाराचा विटांचा मनोरा उभा आहे, सनदेची दहा कलमं तिथे कोरलेली, पण आजूबाजूला तुटकं-फुटकं फार आणि रुळांपलीकडे पत्र्याची घरं. पहिलं कलम आहे : लोक राज्य करतील. मामा इथे फार बोलले नाहीत. बाजूच्या भिंतीवर बसून त्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली. त्यांचा चुलतभाऊ ७६ नंतर सीमेपार गेला. अंगोलातल्या काँग्रेसच्या छावणीत होता एवढं घरी कळलं, पुढे काहीच नाही. १९८४ साली त्या छावण्यांत सैनिकांनी बंड केलं. आम्हाला घरी जाऊन लढू द्या आणि पक्षाची परिषद भरवा, अशी मागणी होती. बंड मोडलं, काहींना गोळ्या घातल्या. क्वात्रो नावाच्या छावणीत संशयितांचा छळ झाला. हे काही अफवांवर राहिलेलं नाही, १९९२ आणि ९३ मध्ये काँग्रेसनेच नेमलेल्या आयोगांनी ते लिहिलं. पण १९९८ मध्ये वर्णद्वेषी काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाच्या अहवालातही ते आलं तेव्हा पक्ष तो अहवाल थांबवायला कोर्टात गेला आणि हरला. मंडेलांनी अहवाल स्वीकारला. मामा हे सांगत होते तेव्हा तरुण गाईड शेजारी उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी त्यांना म्हटलं, हे सांगायला तुम्हाला त्रास होत नाही? "मी यूडीएफचा," ते म्हणाले. १९८३ साली देशाच्या आत उभी राहिलेली ती आघाडी. चर्च, युनियन, विद्यार्थी, वस्तीतल्या बायका, सगळे तिच्यात. तिथे प्रत्येक गोष्ट सभेत मांडायची, हात वर करून ठरवायची. परदेशातून आलेल्यांना लपवायची आणि हुकमाची सवय होती, कारण त्यांच्यात खरोखरच हेर शिरलेले होते. बेटावरून सुटलेल्यांना वाट बघायची सवय होती. १९९० नंतर हे तिघं एका छपराखाली आले आणि मामांच्या मते आजचं प्रत्येक भांडण या तीन सवयींतून निघतं. मला ते थोडं सोपं केल्यासारखं वाटतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेकब झुमा बेटावर दहा वर्षं होते आणि परदेशातही होते, ते कुठल्या सवयीचे? पण विचार करायला लावणारी मांडणी आहे, आणि गाईडकडून मांडणी मिळणं हीच दुर्मीळ गोष्ट.

इंकाथाबद्दल त्यांनी फार थोडं सांगितलं आणि ते मला खटकलं. १९९० ते ९४ मध्ये याच भागातल्या मजुरांच्या हॉस्टेलांभोवती काँग्रेस आणि इंकाथाच्या लोकांनी एकमेकांना मारलं, सरकारी हातांनी त्यात तेल ओतलं. इंकाथाचे पुढारी बुथेलेझी स्वतः एकेकाळी यूथ लीगमध्ये होते, १९७५ मध्ये इंकाथा उभी करताना त्यांना काँग्रेसची मूक संमती होती, १९७९ मध्ये तुटलं. निवडणूक आठवड्यावर आली असताना ते सामील झाले, म्हणून आधीच छापलेल्या मतपत्रिकांवर त्यांच्या पक्षाचं नाव चिकटवावं लागलं. मामा एवढंच म्हणाले, "त्या हॉस्टेलात मी ओळखत होतो अशी माणसं होती," आणि गाडी सुरू केली. मी पुढे विचारलं नाही.

शेवटचा थांबा पत्रकात नाही. परतीच्या वाटेवर नासरेकला, मोठ्या मडक्यासारख्या दिसणाऱ्या एफएनबी स्टेडियमसमोर मामा गाडी उभी करतात. या एका जागेवरून सगळं दिसतं. १३ फेब्रुवारी १९९० ला, सुटकेनंतर दोन दिवसांनी, मंडेलांची जोहान्सबर्गची सभा इथे झाली. १९९३ च्या एप्रिलमध्ये खून झालेले कम्युनिस्ट पुढारी ख्रिस हानी यांचं शव इथे आणलं. १० डिसेंबर २०१३ ला मंडेलांच्या श्रद्धांजलीला पावसात लोक जमले आणि स्वतःच्याच पक्षाचे अध्यक्ष झुमा पडद्यावर दिसले की हुर्यो करू लागले. शेजारच्या प्रदर्शन केंद्रात काँग्रेसचं २०१७ चं अधिवेशन झालं. पक्षाच्या अध्यक्षपदासाठी सिरिल रामफोसांना २,४४० मतं, न्कोसाझाना द्लामिनी-झुमांना २,२६१. फरक १७९. दहा वर्षं आधी पोलोक्वानेला झुमांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकींना २,३२९ विरुद्ध १,५०५ असं पाडलं होतं. तिथे प्रतिनिधी फुटबॉलमधला खेळाडू बदलायचा इशारा दोन्ही हातांनी करत होते.

मामांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं. एम्बेकींना काढल्यावर २००८ मध्ये त्यांचे लोक बाहेर पडले, कोप पक्ष काढला, पुढच्या वर्षी ३० जागा, २०२४ मध्ये एकही नाही. यूथ लीगचा मालेमा २०१२ मध्ये हाकलला गेला, २०१३ मध्ये त्याने इएफएफ हा पक्ष काढला, लाल डगले, २०२४ मध्ये ३९ जागा. झुमांनी १६ डिसेंबर २०२३ ला नवा पक्ष जाहीर केला आणि त्याला काँग्रेसच्या जुन्या सशस्त्र दलाचं, उमखोन्तो वेसिझ्वेचंच नाव घेतलं. ते दलही १६ डिसेंबरलाच, १९६१ साली सुरू झालं होतं. काँग्रेस नावासाठी कोर्टात गेली आणि हरली. त्या पक्षाला ५८ जागा. मग मामांनी खाली रेघ मारली. १५९ अधिक ५८ अधिक ३९. बरोबर २५६. "चौऱ्याण्णवला मंडेलांना २५२ होत्या," ते म्हणाले. "घर तेवढंच आहे, मामा. फक्त चुली वेगळ्या झाल्या." त्यांची बहीण क्वाझुलूत झुमांना मत देते, मुलगा लाल डगला घालतो, आणि ते स्वतः काँग्रेसचं कार्ड दाखवतात. आता काँग्रेस सरकारात बसली आहे ती आपल्या या पोरांबरोबर नाही, डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाबरोबर, ज्यांना ती तीस वर्षं शिव्या देत आली. जेवायच्या टेबलावर मुलाने हे विचारलं तेव्हा काय उत्तर दिलंत, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. पेन खिशात ठेवलं.

तो कागद नातवाने मागून घेतला, शाळेच्या वहीत चिकटवलाय.

मामांना पाच पैकी पाच, कंपनीला दोन, कारण वेळ पाळत नाहीत, न सांगता माणूस बदलतात आणि इतिहास १९९४ ला बंद करतात. जाणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. शहराच्या मध्यभागात मोबाइल हातात धरून चालू नका. कॉन्स्टिट्यूशन हिलला दुसऱ्यांदा स्वतंत्र जा, बायकांच्या तुरुंगासाठीच एक सकाळ ठेवा. पाणी बरोबर घ्या, सप्टेंबरातलं ऊन कोरडं असतं आणि ओठ फुटतात. गुडघे दुखत असतील तर पहिल्या दिवशी चालणं जास्त आहे, आधी सांगितलं तर गाडी जवळ आणतात. टीप आनंदाने द्या, पण गाईडच्या हातात.

आणि सोवेटोत स्वतंत्र काम करणारे असे गाईड पुष्कळ आहेत, याच कंपनीकडे जायला हवं असं नाही. बुकिंगच्या आधी फोनवर एकच प्रश्न विचारा : १९५९ च्या एप्रिलमध्ये ऑर्लँडोच्या सभागृहात काय झालं? "ते आमच्या सहलीत येत नाही" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. मामांनी त्यासाठी गाडी थांबवली होती.